डिफ्लेटगेट: जो आकडा लिहिलाच नाही, त्यावर चार सामन्यांची बंदी?

चार्ल्सकाठ
सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) धाग्यावर टॉम ब्रेडीचं नाव निघालं की ‘तो चेंडूतली हवा काढणारा’ हे शेपूट लागतंच. तिथे विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८ जानेवारी २०१५, बॉस्टनजवळचं फॉक्सबरो. न्यू इंग्लंड पेट्रियट्स विरुद्ध इंडियानापोलिस कोल्ट्स, जिंकेल तो सुपर बोलला. अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाई करताना प्रत्येक संघ आपापले चेंडू वापरतो. आतला दाब १२.५ ते १३.५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) हवा. थोडा मऊ चेंडू पकडायला सोपा जातो असं मानतात. पूर्वार्धात पेट्रियट्सच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास फेकणाऱ्या ब्रेडीचा, एक पास कोल्ट्सनी पळवला, त्यांच्या माणसांनी तो चेंडू मोजला तर दाब कमी. मग मध्यंतरात पेट्रियट्सचे ११ चेंडू मोजले, अकराच्या अकरा १२.५ च्या खाली. सामना पेट्रियट्सनी ४५-७ जिंकला. लीगने (एनएफएल) टेड वेल्स या वकिलांना चौकशीला नेमलं. मे महिन्यात त्यांचा २४३ पानी अहवाल आला: संघाच्या दोन कर्मचाऱ्यांनी हवा काढली असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे, आणि ब्रेडीला त्याची निदान ढोबळ कल्पना असावी. ब्रेडीवर ४ सामन्यांची बंदी, संघाला १० लाख डॉलर दंड, शिवाय दोन ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडायच्या संधी) गेले.

माझा आक्षेप एका गोष्टीवर आहे. सामन्याआधी पंचांनी चेंडू मोजले, पण एकाही चेंडूचा आकडा लिहून ठेवला नाही. कोल्ट्सनी आदल्या दिवशीच ईमेल करून लीगला संशय कळवला होता, म्हणजे सगळे बेसावध होते असंही नाही. मुळात दाब किती होता हेच कागदावर नसेल तर तो किती उतरला हे कसं ठरवणार? ब्रेडी साधुपुरुष होता का, हे मी विचारत नाहीये. या पुराव्यावर कुणालाही शिक्षा देणं न्याय्य होतं का, एवढंच विचारतोय.

न्यूजर्सीचे_नाना
बॉस्टनकरांची जखम अजून ओलीच आहे म्हणायची!

आकडे राहू द्या बाजूला. वेल्ससमोर जबाब द्यायच्या सुमारास जो माणूस आपला फोन नष्ट करतो, त्याच्याबद्दल मी काय समजायचं? चार महिन्यांचे जवळजवळ १०,००० मेसेज होते त्यात. आमच्याकडे जेट्सवाल्यांना (न्यूयॉर्कचा संघ) विचाराल तर चार सामने कमीच झाले.

श्रावणी_म
शीर्षकात फुटबॉल नाही पण पहिल्या पोस्टमध्ये फुटबॉल वाचून मेस्सी शोधत होते. :) असो, आता वाचतेच आहे तर विचारते. जानेवारीत बॉस्टनजवळ थंडी असणार. थंडीत गाडीच्या टायरची हवा आपोआप उतरते, तसंच इथे झालं नसेल का?

भोसरीचा_गेज
श्रावणी, झालंच. किती झालं याचं गणित बारावीच्या पुस्तकातलं आहे. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा वरचा दाब. म्हणून १२.५ मध्ये वातावरणाचे १४.७ मिळवा, झाले २७.२. खोलीत साधारण ७१ फॅरनहाइट, मैदानावर ४८. केल्विनमध्ये २९४.८ आणि २८२. त्या प्रमाणात २७.२ चे २६ होतात. १४.७ वजा करा, उरले ११.३. कुणी बोटही न लावता सव्वा पीएसआयच्या आसपास दाब गेला. हे पेट्रियट्सचं म्हणणं नाही. वेल्सनी नेमलेल्या एक्स्पोनंट कंपनीनेच ११.३२ ते ११.५२ ही अपेक्षित मर्यादा दिली होती.

आता प्रत्यक्ष मोजणी. मध्यंतरात दोन पंच, दोन वेगळे गेज. एकावर चेंडू बनवणाऱ्या विल्सन कंपनीचा लोगो, एकावर नाही. तेच ११ चेंडू, लोगोवाल्या गेजवर सरासरी ११.४९ आणि दुसऱ्यावर ११.११. पहिला आकडा मर्यादेत बसतो, दुसरा बसत नाही. म्हणजे सगळं येऊन अडतं ते एका प्रश्नावर: सामन्याआधी प्रमुख पंच वॉल्ट अँडरसन यांनी यातला कुठला गेज वापरला?

अँडरसन यांना आठवत होतं त्याप्रमाणे, लोगोवाला. वेल्सनी त्यांची बाकीची साक्ष भरवशाची मानली. सामन्याआधी पेट्रियट्सचे चेंडू १२.५ च्या आसपास होते, हेही त्यांच्याच आठवणीवरून घेतलं. आणि गेजची आठवण तेवढी बाजूला ठेवली.

मी प्रेशर गेजच्या कॅलिब्रेशनमध्ये काम करतो. गेजवर नंबर नाही, स्टिकर नाही, पुढची तारीख नाही, तर त्याचं रीडिंग आमच्याकडे रजिस्टरला चढतच नाही. इथे दोन गेजमध्ये ०.३ ते ०.४ चा फरक आणि त्याच फरकावर एका माणसाची अब्रू! तो पळवलेला चेंडू पाहा. एकाच चेंडूची तीन रीडिंग: ११.४५, ११.३५, ११.७५. हे रीडिंग घेऊन आमच्या ऑडिटरसमोर कुणी उभं राहिलं असतं तर त्याला परत पाठवलं असतं.

चार्ल्सकाठ
गेजभाऊ, हेच मला नीट मांडता येत नव्हतं. धन्यवाद.

मुग्धा_इंडी
इंडियानापोलिसमधून दुसरी बाजू मांडते. आमच्या घरात कोल्ट्सचं घोड्याच्या नालाचं चिन्ह दारावर आहे, हे आधीच सांगून ठेवते.

वेल्सनी अँडरसन यांची ती आठवण उगाच नाकारली नाही, त्याला कारण दिलंय. पेट्रियट्सच्या माणसांनी चेंडू १२.५ ला लावले होते, कोल्ट्सच्या माणसांनी १३ ला. अँडरसन यांनी मोजले तेव्हा त्यांना साधारण हेच आकडे दिसले. लोगोवाला गेज ०.३ ते ०.४ जास्त दाखवतो. तो वापरला असता तर दोन्ही संघांचे आकडे वर सरकलेले दिसायला हवे होते. दोन वेगळ्या शहरांतल्या दोन संघांचे गेज अगदी सारखेच चुकीचे असतील, हे पटत नाही. मला तरी हा तर्क बिनबुडाचा वाटत नाही.

दुसरं, कोल्ट्सचेही चार चेंडू त्याच मध्यंतरात मोजले. तीच थंडी, तोच पाऊस. त्यांचा दाब एवढा उतरला नव्हता. हे कसं समजवाल?

भोसरीचा_गेज
मुग्धाताई, पहिला मुद्दा वजनदार आहे, मान्य. फक्त तो तर्क आहे, नोंद नाही. संघांचे स्वतःचे गेज किती बरोबर होते, हे कुणी तपासलेलं नव्हतं.

दुसऱ्याबद्दल मात्र भांडतो. चारच चेंडू का मोजले? वेळ संपला म्हणून. म्हणजे कोल्ट्सचे चेंडू नंतर मोजले. तोवर ते उबदार खोलीत पडून होते, आणि उबेत दाब परत चढतो. सुरुवातीच्या मिनिटांत तर भराभर चढतो. कुठला चेंडू कितव्या मिनिटाला मोजला याची नोंद नाही. पेट्रियट्सच्या चेंडूंत मध्येच हवा भरली की कोल्ट्सचे मोजून झाल्यावर, याचीही नाही. ओला चेंडू कोरड्यापेक्षा सावकाश गरम होतो, ते आणखी वेगळंच.

त्या चारांतही बघा. एका गेजवर चारपैकी तीन १२.५ च्या खाली होते! आणि तिसऱ्या चेंडूचे आकडे उलटे पडलेत. जो गेज नेहमी जास्त दाखवतो त्यावर १२.५० आणि कमी दाखवणाऱ्यावर १२.९५. एकतर लिहिण्यात गडबड किंवा गेजची अदलाबदल. अकरा आणि चार मिळून पंधरा चेंडूंच्या यादीत एवढा घोळ असेल तर दशांशाच्या दुसऱ्या अंकावरून भांडायचं कशाला?

न्यूजर्सीचे_नाना
तुम्ही सगळे दशांशात अडकलात. पंचांच्या खोलीतून परवानगी न घेता चेंडूंच्या पिशव्या घेऊन कोण निघालं? लॉकर रूमचा कर्मचारी. वाटेत स्वच्छतागृहात शिरला, आतून कडी लावली, १ मिनिट ४० सेकंद. हे कॅमेऱ्यात आहे, आठवणीत नाही. याच माणसाने मे २०१४ मध्ये मेसेजमध्ये स्वतःला ‘द डिफ्लेटर’ म्हटलंय. त्यावर पेट्रियट्सनी काय खुलासा द्यावा? तो वजन कमी करण्याला गंमतीने तसं म्हणायचा!

आमच्या सोसायटीत त्या वर्षी डाएट करणाऱ्या प्रत्येकाला डिफ्लेटर म्हणायचे.

श्रावणी_म
नाना =))

पण मेसेज मेचा आणि सामना जानेवारीचा?

न्यूजर्सीचे_नाना
मेसेज एकच नव्हता. ऑक्टोबर २०१४ मध्ये जेट्सविरुद्धच्या सामन्यात चेंडू फार टणक लागले म्हणून ब्रेडी संघाच्या त्या दोन कर्मचाऱ्यांवर भडकला होता. त्यावरून त्या दोघांचं मेसेजवर बोलणं झालेलं आहे. ब्रेडीच्या सह्यांच्या वस्तू, बुटांचे जोड, असलं देणंघेणंही त्यात येतं.

चार्ल्सकाठ
नाना, त्या सामन्याबद्दल अर्धंच सांगितलंत. नंतर ते चेंडू मोजले तेव्हा त्यांतले काही १६ च्या आसपास निघाले, म्हणजे नियमापेक्षा अडीच जास्त, आणि ते पंचांकडून आल्यावर! ब्रेडी भडकला तो त्यावर. त्यानंतर त्याने सांगितलं की पंचांना नियम दाखवा आणि १२.५ ला ठेवा. कायदेशीर आकडा मागणं हा गुन्हा कसा?

स्वच्छतागृहाचं मी नाकारत नाही. तो माणूस तिथे का थांबला, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण आत काय झालं हे कॅमेऱ्यात नाही. ते चेंडूतल्या दाबावरूनच सिद्ध व्हायला हवं होतं, आणि दाबाची कथा वर गेजभाऊंनी सांगितलीच आहे.

आप्पा_महसूल
उशिरा आलो, सगळं वाचलं. खेळातलं मला फार कळत नाही, पण महसूल खात्यात असताना विभागीय चौकश्या पुष्कळ चालवल्या, म्हणून लिहितो.

नानांना ‘संशयातीत’ पुरावा नको आहे, ते बरोबरच आहे. विभागीय चौकशीतही फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. जिकडे पारडं झुकेल तिकडे निष्कर्ष. मेसेज, वागणूक, पिशव्या उचलून नेणं, सगळं विचारात घेता येतं. नुसतं ‘दाब लिहिला नव्हता’ म्हणून मी चौकशी बंद केली नसती.

पण पुरावा सैल घ्यायचा तर प्रक्रिया घट्ट पाहिजे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये हा सगळा क्रम दिलेला आहे. आधी दोषारोपपत्र, त्यात नेमका आरोप. कोणत्या कागदांवर आणि साक्षीदारांवर भिस्त आहे त्याची यादी. अपचाऱ्याला (ज्याच्यावर आरोप आहे त्याला) कागद पाहू द्यायचे, साक्षीदाराची उलटतपासणी घेऊ द्यायची. बाजू मांडायला सादरकर्ता अधिकारी वेगळा, चौकशी अधिकारी वेगळा. आणि अपील नेहमी वरच्या अधिकाऱ्याकडे.

आता मला कुणीतरी सांगा, ब्रेडीचं अपील कुणी ऐकलं?

चार्ल्सकाठ
आप्पा, शिक्षा लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांच्या नावाने आणि अपीलही गुडेल यांच्याचकडे. २३ जून २०१५ ला सुनावणी, २८ जुलैला शिक्षा कायम.

आप्पा_महसूल
मग पुढे बोलायलाच नको. आमच्याकडे असा आदेश पहिल्याच तारखेला मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) उडाला असता.

अ‍ॅड_रेवा
आप्पा, तिथेही एकदा उडाला होता! ३ सप्टेंबर २०१५ ला न्यूयॉर्कमध्ये न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी बंदी रद्द केली. कारणं तुमच्या यादीशी चांगलीच जुळतात. अशी शिक्षा होऊ शकते याची पूर्वसूचना खेळाडूला नव्हती. लीगचे मुख्य वकील जेफ पॅश यांनी ‘स्वतंत्र’ म्हणवलेल्या वेल्स अहवालाच्या मसुद्यावर शेरे दिले होते, तरी त्यांची उलटतपासणी होऊ दिली नाही. आणि चौकशीची कागदपत्रं दोन्ही बाजूंना सारखी मिळाली नाहीत.

पण २५ एप्रिल २०१६ ला अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी बंदी परत आणली. इथे लोक नेहमी घोटाळा करतात. हवा काढली की नाही, हे त्या न्यायालयाने ठरवलं नाही. त्यांचं म्हणणं असं की खेळाडूंच्या संघटनेने लीगशी केलेल्या करारातल्या ४६ व्या कलमाने आयुक्तांना हा अधिकार दिलाय. लवादाचा निर्णय चूक की बरोबर यात कोर्ट शिरत नाही, तो कराराच्या चौकटीत आहे का एवढंच बघतं. संघटनेने स्वतः सही करून दिलेलं कलम होतं ते.

विरोधी मत मुख्य न्यायाधीश कॅट्झमन यांचं. ते मला जास्त भावलं. हाताला चिकट पदार्थ लावून चेंडू पकडला तर लीगच्या तक्त्यात दंड ८,२६८ डॉलर. पकड सुधारायची, पंचांना फसवायचं, प्रकार तोच. गुडेल यांनी ही तुलना बाजूला ठेवून थेट स्टेरॉइडशी तुलना केली, आणि ती का केली हे नीट सांगितलं नाही.

मुग्धा_इंडी
रेवा, पूर्ण चित्र हवं तर हेही लिही की त्याच न्यायालयातले न्यायाधीश चिन सुनावणीत म्हणाले होते की चेंडूशी छेडछाड झाल्याचा पुरावा जोरदार आहे.

अ‍ॅड_रेवा
हो, म्हणाले होते. बहुमतात तेही होते.

खडूस_फलंदाज
एवढा वेळ गप्प बसलो, पण या धाग्यावर पोर्ट एलिझाबेथ कुणीच कसं काढलं नाही! नोव्हेंबर २००१. मैदानावरच्या पंचांची तक्रार नाही. टीव्हीवरची दृश्यं बघून सामनाधिकारी माइक डेनेस यांनी सचिनला चेंडूशी छेडछाड केल्याबद्दल दोषी ठरवलं. ७५ टक्के मानधन कापलं, एका सामन्याची स्थगित बंदी. पत्रकार परिषदेत डेनेस बसले होते, पण निर्णयावर बोलायची त्यांना परवानगी नव्हती. दादरच काय, अख्खा देश पेटला होता. पुढे आयसीसीनेच सांगितलं की सचिनवर छेडछाडीचा ठपका नाही. शिवणीतली माती पंचांच्या देखरेखीशिवाय काढली, एवढीच चूक. पण तोवर सेंच्युरियनची कसोटी अनधिकृत ठरून गेली होती.

ब्रेडीचे चाहते चिडतात तेव्हा मला म्हणूनच हसू येत नाही. ‘छेडछाड’ हा शब्द एकदा नावाला चिकटला की नंतरचा खुलासा कुणी वाचत नाही.

न्यूजर्सीचे_नाना
सचिन आणि ब्रेडी एका वाक्यात? खडूस, धागा बंद पाडायचाय का?

खडूस_फलंदाज
माणसांची तुलना नाही नाना, चौकशीची आहे. हवं तर ओव्हल २००६ घ्या. पंचांनी पाकिस्तानला छेडछाडीबद्दल पाच धावांचा दंड केला, इंझमामने संघ वेळेवर मैदानात आणला नाही, सामना गेला. नंतर सामनाधिकारी मदुगले यांच्यासमोर सुनावणी झाली तेव्हा तो चेंडूच टेबलावर होता! सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला. छेडछाडीच्या आरोपातून इंझमाम सुटला, खेळाची बदनामी केली म्हणून चार एकदिवसीय सामन्यांची बंदी मिळाली. म्हणजे मूळ आरोप वेगळा आणि नंतरची वागणूक वेगळी धरली. ब्रेडीच्या बाबतीत फोनची शिक्षा आणि चेंडूची शिक्षा एकाच भांड्यात ढवळली.

अ‍ॅड_रेवा
+१. वेल्सनी प्रत्यक्ष फोन मागितलाच नव्हता, मजकूर मागितला होता. ब्रेडीने तो दिला नाही, ही त्याची मोठी चूक. ब्रेट फाव्हर या दुसऱ्या क्वार्टरबॅकने एका वेगळ्या चौकशीत सहकार्य केलं नाही तेव्हा लीगने ५०,००० डॉलर दंड केला होता. मोजपट्टी होती ना हाताशी!

मुग्धा_इंडी
यावर मी सहमत. शिक्षेचा आकार मलाही कधी पटला नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये मिनेसोटात कडाक्याच्या थंडीत मैदानाच्या कडेला चेंडू गरम करताना माणसं कॅमेऱ्यात सापडली, तेव्हा नुसती ताकीद दिली होती.

शिवाय आमच्या पराभवाला हवा कारण नव्हती. मध्यंतरापर्यंत १७-७, चेंडूंत पुरेशी हवा भरल्यावर २८-०. आमच्या संघाने हरूनही त्यावर ‘एएफसी फायनलिस्ट’ (एएफसी म्हणजे लीगचा एक गट, हा त्याचा अंतिम सामना) म्हणून स्टेडियममध्ये फलक लावला, त्याबद्दल इथे कुणी बोलू नये ही विनंती. :)

चार्ल्सकाठ
मुग्धा, नाही बोलणार. शब्द दिला.

पण फुटलेल्या बातमीबद्दल बोलायलाच हवं. सामन्यानंतर दोनच दिवसांत ईएसपीएनवर आलं की १२ पैकी ११ चेंडू दोन-दोन पौंडांनी कमी होते. हे खोटं होतं. खऱ्या यादीत बहुतेक चेंडू तेवढे खाली नाहीत. लीगने पेट्रियट्सना पाठवलेल्या पत्रात तर एक चेंडू १०.१ चा असल्याचं लिहिलं होतं, तसा एकही नव्हता. आणि कोल्ट्सचे सगळे चेंडू नियमात होते म्हणे. लीगकडे खरे आकडे होते. तरी ती बातमी महिनोन्‌महिने तशीच चालू दिली. लोकांनी निकाल जानेवारीतच लावून टाकला. मे मधला अहवाल आला तो त्या निकालावर शिक्का मारायला, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आप्पा_महसूल
चौकशी चालू असताना चुकीची माहिती आपल्याच कार्यालयातून बाहेर गेली तर ती दुरुस्त करणं कार्यालयाचं काम आहे. यात खेळ कुठला आणि देश कुठला, याने फरक पडत नाही.

श्रावणी_म
मूळ प्रश्नाकडे येते. मग पुढे तरी मोजून लिहायला लागले का?

भोसरीचा_गेज
लागले. २०१५ च्या हंगामापासून सामन्याआधी प्रत्येक चेंडूचा नंबर आणि दाब लिहायचा, आणि काही सामन्यांत मध्यंतराला पुन्हा मोजायचं, असा नियम केला. मी त्या आकड्यांची फार वाट पाहिली. डिसेंबर-जानेवारीतल्या थंड मैदानांवरची एवढी रीडिंग मिळाली असती की निसर्गाने किती हवा जाते हे कुणी नाकारू शकलं नसतं. लीगने ती कधीच प्रसिद्ध केली नाहीत. २०२२ मध्ये माइक फ्लोरिओ या पत्रकाराने लिहिलं की ती नोंद पुसून टाकली गेली, आणि तसं सांगणारे पॅश होते.

अ‍ॅड_रेवा
म्हणजे ज्यांची उलटतपासणी होऊ दिली नाही, तेच.

मुग्धा_इंडी
नाना, फोनबद्दल पहिल्याच प्रतिसादात जे लिहिलंत, तेच या नोंदींना लावणार का?

न्यूजर्सीचे_नाना
लावणार. पुरावा नष्ट करणाऱ्याबद्दल वाईटच समजायचं, मग तो क्वार्टरबॅक असो की लीग. पण म्हणून ब्रेडी सुटत नाही हं! दोघांनीही हात झटकले, एवढंच सिद्ध होतं.

चार्ल्सकाठ
नाना, एवढं तुम्ही म्हणालात तरी धागा काढल्याचं सार्थक.

श्रावणी_म
त्या चार सामन्यांत ब्रेडीच्या जागी खेळलं कोण? हरले का?

चार्ल्सकाठ
आधी गॅरोपोलो, तो जखमी झाल्यावर ब्रिसेट. चारपैकी तीन जिंकले, बफेलोविरुद्ध एक हरले. त्याच हंगामाच्या शेवटी सुपर बोलमध्ये अटलांटाविरुद्ध २८-३ असे मागे पडून ३४-२८ जिंकले, त्यावर कधीतरी वेगळा धागा काढू. नाना तिथेही येतीलच.